कुरडया आणि पिवळा इशारा

मैत्रिणींनो, चैत्रात आमच्या भंडाऱ्याचं ऊन रणरणतं खरं, पण त्याचा भरवसा नाही. बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आले, की दुपारनंतर गडगडाट, कधी गारासुद्धा! कुरडयांचा गहू तीन दिवस भिजायचा, वर दोन कडक उन्हं हवीत. म्हणून गहू भिजत घालण्याआधीच मी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज पाहते. गेल्या वर्षी पिवळा इशारा होता, तरी घातल्याच. आभाळ गडगडलं आणि मी लेकीला गच्चीवर पिटाळलं. ती सूप घेऊन जिन्यात शिरली अन् मागच्या कडुनिंबावर वीज कोसळली. रात्रभर तिला कुशीत घेऊन होते. कुरडया काय, पुन्हा होतात हो! गडगडाट ऐकू आला, की वाळवण राहू द्या, लेकरांना घरात घ्या. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास गच्ची नकोच.