आजारपणाचा हिशेब आणि आपली मुले

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या मालेगावात हुशार मुला-मुलींच्या घरी एकच चर्चा सुरू होते. विज्ञान घ्यायचे, नीट द्यायची, डॉक्टर व्हायचे. यात वाईट काहीच नाही. समाजाला डॉक्टर हवेत आणि लेडी डॉक्टर तर हव्याच हव्यात. पण नीटला बसणारी मुले लाखोंनी आणि सरकारी जागा थोड्या. दोन-तीन वेळा परीक्षा देऊनही जागा न मिळालेली मुले मन मारून मिळेल त्या कॉलेजात जातात. आणि जी पहिल्यापासून कला किंवा वाणिज्य शाखेत आहेत, त्यांचा आरोग्याशी काही संबंध असू शकतो, हे कुणाच्या मनातही येत नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. अर्थशास्त्र हा माझा विषय नाही. तरीही आरोग्य अर्थशास्त्रावर लिहायला बसले आहे, त्याला कारण माझी एक जुनी विद्यार्थिनी. ती अर्थशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या प्रकल्पाचे मराठी तपासून घ्यायला ती माझ्याकडे आली होती. प्रकल्पाचा विषय होता तिच्या स्वतःच्या अब्बांचे आजारपण.

अब्बा यंत्रमागावर काम करतात. मागच्या वर्षी त्यांच्या पित्ताशयातल्या खड्यांचे ऑपरेशन झाले. रेशन कार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नव्हते. दुरुस्तीला वेळ लागणार होता आणि दुखणे थांबायला तयार नव्हते, म्हणून खाजगी दवाखान्यात दाखल केले. मुलीने त्या दिवसांचा पै-पैचा हिशेब लिहून ठेवला होता. दवाखान्याचे बिल ४२,००० रुपये. बाहेरून आणलेली औषधे आणि तपासण्या ९,६०० रुपये. जाणे-येणे आणि सोबतच्या माणसांचे खाणे ६,८०० रुपये. आणि पाच आठवडे माग बंद, म्हणजे बुडालेली मजुरी १३,००० रुपये. एकूण ७१,४०० रुपये.

"आपा," ती म्हणाली, "सगळे म्हणतात ऑपरेशनला ४२ हजार लागले. मग वरचे २९ हजार कुणाच्या हिशेबात धरायचे?"

हा प्रश्न म्हणजेच आरोग्य अर्थशास्त्र. दवाखान्याचे बिल हा थेट वैद्यकीय खर्च, प्रवास आणि जेवण हा थेट पण बिगर-वैद्यकीय खर्च, बुडालेली मजुरी हा अप्रत्यक्ष खर्च. तिने हे शब्द ऐकले नव्हते, पण वर्गवारी अचूक केली होती.

या शाखेची पायाभरणी सहसा १९६३ सालापासून मोजतात. त्या वर्षी अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर एक निबंध लिहिला. पुढे १९७२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: उपचार ही बाजारातल्या इतर वस्तूंसारखी वस्तू नाही. आजार कधी येईल हे आपल्याला माहीत नसते, आणि कोणता उपचार हवा हे गिऱ्हाईक नाही तर विकणारा, म्हणजे डॉक्टर ठरवतो. कापड घेताना आपण चार दुकाने फिरतो, हात लावून पाहतो, भाव करतो. छातीत दुखायला लागलेला माणूस हे करू शकत नाही. म्हणून विमा लागतो, सरकार लागते, नियम लागतात. ते कसे असावेत, याचा अभ्यास हे शास्त्र करते.

आपल्या देशात हा अभ्यास का गरजेचा आहे, हे एका आकड्यावरून कळते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चापैकी लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट खरोखर एवढी आहे का, की मोजण्याच्या पद्धतीमुळे तशी दिसते, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. तो वाद घोषणांनी मिटणारा नाही. घराघरांतला हिशेब तपासणारी माणसे लागतील.

दुसरे उदाहरण. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पण एखाद्या ऑपरेशनसाठी दवाखान्याला किती रक्कम द्यायची? कमी दिली तर दवाखाने रुग्ण घेणार नाहीत, जास्त दिली तर सरकारी तिजोरी रिकामी होईल. चंदीगडच्या पीजीआय संस्थेच्या अभ्यासकांनी देशातल्या अनेक रुग्णालयांत उपचाराचा खरा खर्च मोजला आणि योजनेचे दर सुधारताना तो अभ्यास उपयोगी पडला. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागानेही २०१७ पासून नवी औषधे, यंत्रे आणि लसी पैशाच्या मानाने किती उपयोगी आहेत, हे तपासण्याची व्यवस्था सुरू केली आहे. हे काम करणाऱ्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप नसला, तरी त्यांच्या एका अहवालाचा परिणाम हजारो रुग्णांवर होतो.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे भाषेकडे येते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आरोग्यविषयक फेरीत गेल्या १५ दिवसांतल्या आजारांची चौकशी होते. हाच प्रश्न माझ्या विद्यार्थिनीने मोहल्ल्यातल्या काही बायकांना विचारून पाहिला. बहुतेकींनी "नाही" म्हटले. चहा झाल्यावर त्याच बायका सांगू लागल्या: कंबर धरते, उठल्यावर चक्कर येते, हातापायांत जीव नाही. "मग आजारी नाही का म्हणालात?" "अगं, ही काय बीमारी आहे? ही तर कमजोरी आहे." बीमारी म्हणजे अंथरूण धरणे. चालते-फिरते, रोटी थापते, ती बाई बीमार नाही.

अमर्त्य सेन यांनी ही गोष्ट मोठ्या पातळीवर दाखवली आहे. आयुर्मान जास्त असलेल्या केरळात लोक स्वतःला जास्त आजारी सांगतात आणि मागे असलेल्या बिहारमध्ये कमी. याचा अर्थ बिहारमधले लोक अधिक निरोगी आहेत असा नाही. शिक्षण आणि दवाखाना जवळ असला की माणसाला आपला आजार ओळखता येतो. जिथे ते नाही, तिथे दुखणे अंगवळणी पडते. मग पाहणीच्या कागदावर आपल्या मोहल्ल्यातल्या बायका ठणठणीत दिसतात. "कमजोरी" या शब्दामागे काय दडले आहे, हे त्याच मोहल्ल्यात वाढलेली मुलगी चटकन ओळखते. उर्दू घरात आणि मराठी शाळेत-कचेरीत, अशा दोन्ही भाषा येणे हे या क्षेत्रात ओझे नाही, भांडवल आहे. माझे सगळे म्हणणे या एका वाक्यात आले.

आता वाट कशी आहे ते सांगते. पदवीला अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, गणित, वाणिज्य किंवा समाजशास्त्र असले तरी चालते. डॉक्टर, नर्स आणि फार्मसी झालेलेही या शाखेत येतात. पदव्युत्तर शिक्षणासाठी लांब जावे लागत नाही. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. ती १९५६ मध्ये स्थापन झाली आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम तिच्याकडे आहे. तिथून जवळच टाटा समाजविज्ञान संस्था सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण देते. पुण्यात १९३० पासून गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. गणित पक्के असेल तर गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. केरळात तिरुवनंतपुरमला श्री चित्रा तिरुनाल संस्थेत सार्वजनिक आरोग्याचे चांगले केंद्र आहे. इंग्लंडमधले यॉर्क विद्यापीठ या विषयासाठी जगभर ओळखले जाते. परदेशासाठी चेव्हनिंग आणि राष्ट्रकुल शिष्यवृत्त्या आहेत, मात्र चेव्हनिंगला कामाचा अनुभव लागतो. प्रत्येक संस्थेच्या अटी बदलत असतात, तेव्हा चालू वर्षाचे माहितीपत्रक वाचूनच फॉर्म भरावा.

पुढे पीएच.डी. करायची तर पैशाचा प्रश्न येतोच. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली आहे. त्यामुळे नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ आता जास्त महत्त्वाची आहे. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. जेआरएफची वयोमर्यादा ३० वर्षे असली तरी मुलींना पाच वर्षांची सवलत आहे. ज्या मुलींचे शिक्षण लग्नामुळे किंवा बाळंतपणामुळे थांबले, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

आजच करता येईल असेही एक काम आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीची मूळ माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत मिळते, आणि ती तपासण्यासाठी लागणारी 'आर' ही संगणक प्रणालीही मोफत आहे. मालेगावात किंवा भिवंडीत बसून, घरच्या जबाबदाऱ्या सांभाळून, एखादी मुलगी दिवसाला दोन तास देऊन हे शिकू शकते.

माझ्या विद्यार्थिनीचे अब्बा शाळेत येऊन मला भेटले. "आपा, याच्यात नोकरी आहे का? आणि मुंबईत पोरगी राहणार कुठे? एक चांगले स्थळही आले आहे." बापाचे हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांना गोड गोड उत्तरे देणे हा धोका ठरेल. मी सांगितले की कॉलेजांतल्या कायम जागा कमी आहेत, भरती वर्षानुवर्षे रखडते, पीएच.डी.ला पाच वर्षे सहज जातात. पण एम.ए.नंतर संशोधन प्रकल्प, विमा कंपन्या, औषध कंपन्या, सरकारी योजनांची कार्यालये आणि आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था यांना आकडे समजणारी माणसे लागतात. राहण्याचे विचाराल तर वसतिगृहाची चौकशी प्रवेशाच्या फॉर्मबरोबरच करायची. आणि स्थळ चांगले असेल तर शिक्षणाची गोष्ट आधीच मोकळेपणाने बोलून घ्यायची, निकाहनंतर नाही. ते बराच वेळ गप्प बसले. मग "फॉर्म तर भरू दे," म्हणाले. पुढचे अल्लाहच्या हाती.

आई-बापांना आणि माझ्यासारख्या शिक्षकांना एवढेच सुचवते. मुलगा किंवा मुलगी हिशेबात चांगली आहे, माणसांशी नीट बोलते आणि "असे का?" हा प्रश्न विचारते, तर तिला आरोग्य अर्थशास्त्राचे नाव सांगा. घरात कुणी आजारी पडले तर औषधांच्या पावत्या, रिक्षाचे पैसे, बुडालेले दिवस यांची वही तिच्या हाती द्या. कर्ज फेडताना ती वही घराच्या उपयोगी पडेल, आणि त्या निमित्ताने एखाद्या मुलाला किंवा मुलीला हा विषय आपला वाटू लागेल, इन्शाअल्लाह.