बोनस, गाडी आणि बाबांचा कान

रविवारी सकाळी साडेसहाला मी आपणहून कसा काय उठतो, हे आमच्या घरातलं न सुटलेलं कोडं आहे. एरवी मिहानमधलं ऑफिस गाठायला तीन अलार्म लागतात. पण रविवारी दोन बादल्या, कार शाम्पू आणि तीन फडकी घेऊन मी त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या फाटकाबाहेर हजर! उशीर केला की ऊन पत्र्यावर येतं आणि शाम्पू वाळून डाग पडतात. म्हणून आधी टप, मग काचा, चाकं सगळ्यात शेवटी. कपड्याची पावडर अजिबात नाही, वॅक्स निघून जातं. हे सगळं ज्ञान मी २०१८ सालच्या एका सेकंडहँड गाडीवर उधळतो.

बाबा पायरीवर चहा घेऊन बसलेले असतात. "किती घासून राहिला रे, रंग निघून जाईल ना!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खरं तर ही खोड त्यांचीच. मी शाळेत असताना रविवारी चेतक धुतल्याशिवाय ते आंघोळीला जात नसत. स्कूटर सुरू केली की नुसत्या आवाजावरून सांगायचे, "प्लगमध्ये कार्बन आला." आणि उघडून पाहिलं की खरंच कार्बन!

असो. तर यंदा बोनस आला, ६० हजार. मी इंजिनीअर माणूस, त्यामुळे लगेच एक्सेल शीट उघडली. अलॉय व्हील्स ३८ हजार, मोठ्या स्क्रीनचा स्टीरिओ २० हजार. एकूण ५८. उरलेल्या दोन हजारात सगळ्यांना सावजी जेवण, म्हणजे घरातला विरोधी पक्ष गप्प. प्लॅन एकदम फूलप्रूफ होता!

फक्त गाडीला गेल्या महिन्यापासून एक आवाज येत होता. साठच्या पुढे गेलं की पुढून "घूंऽऽ". म्हटलं, घरात एक्स्पर्ट असताना बाहेर कशाला जायचं? बाबांना शेजारी बसवलं आणि रिंगरोडला एक चक्कर मारली. आवाज इतका स्पष्ट होता की मागे बसलेली बायको म्हणाली, "अरे, हेलिकॉप्टर आलं का काय?"

बाबा म्हणाले, "काही तर नाही. मस्त चालून राहिली."

आरशात माझी आणि बायकोची नजरानजर झाली. टीव्हीचा वाढत गेलेला आवाज, फोनवर सगळ्यांना "हो हो" म्हणून टाकणं, लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची पकडणं... सगळे लॉग समोर होते, वाचले कोणीच नव्हते.

कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली, आलेख काढून दाखवला. मशीन लावा म्हणाले. एका कानाचं ३४ हजार. बाबा घरी आल्यावर म्हणतात, "आता काय ऐकायचं राहिलं? तुझ्या आईचं? ते तर पाठ आहे." आई हसली नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी काही लगेच श्रावणबाळ झालो नाही. तीन दिवस अलॉय व्हील्सचं पान ब्राउझरमध्ये उघडंच होतं. बाबा स्वतःच नको म्हणतायत, मग पुढच्या वर्षी पाहू, असा विचार चक्क डोक्यात येऊन गेला. नंतर लक्षात आलं, ते "नको" मी मोठ्या सोयीने ऐकत होतो. म्हणजे ऐकायचा प्रॉब्लेम घरात एकालाच नव्हता.

दरम्यान मेकॅनिकने आवाजाचा निकाल लावला: पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग. वर म्हणाला, "भाऊ, टायरचा जन्म पाहिला का?" टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात. माझ्या टायरवर २३१८, म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर बदलावंच लागतं हे मला माहीत होतं, आणि माझी नक्षी त्याहून बरीच खोल होती. पण बाजूच्या रबराला बारीक भेगा पडल्या होत्या. चार वर्षं दर रविवारी मी ती चाकं धूत होतो, पॉलिश मारत होतो. भेगा दिसल्या नाहीत, चमक दिसली!

आणि उन्हाळ्यात समृद्धीवरून आईबाबांना शिर्डीला न्यायचं ठरलेलं. ५२० किलोमीटर, सिमेंटचा रस्ता, १२० ची वेगमर्यादा आणि आपलं ऊन. हवा कमी असलेलं टायर जास्त दबतं, जास्त तापतं. वर दर दहा अंशांमागे टायरमधला दाब दीड-दोन पीएसआयने वाढतो, म्हणून हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासायची. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, आठवतं? नंतर हवामान खात्याने सेन्सरचा दोष सांगितला. पण त्या दिवशी आपल्यापैकी कोणाला तो आकडा खोटा वाटला, सांगा बरं!

नवीन शीट अशी झाली: कानाचं मशीन ३४ हजार, साध्या रिमवर चार नवी टायर १९ हजार, बेअरिंग ४ हजार, कूलरचा पंप आणि नवी वाळ्याची ताटी २ हजार. उरले एक हजार. सावजी रद्द, घरीच पाटोडी.

मशीनची सवय व्हायला वेळ लागतोय. कुकरची शिट्टी झाली की बाबा दचकतात, संध्याकाळी वैतागून मशीन डबीत ठेवून देतात. पण गेल्या रविवारी पुन्हा रिंगरोडला गेलो. साठ, सत्तर... गाडी गप्प. मी विचारलं, "बाबा, येतोय का आवाज?"

"चाकाचा नाही," ते म्हणाले. "पण तुझ्या डॅशबोर्डात काहीतरी खुळखुळून राहिलं."

मला काहीच ऐकू आलं नाही. घरी येऊन डॅशबोर्डचा कप्पा उपसला, तर मागे एक सुटा स्क्रू सापडला. कुठला आहे, अजून कळलेलं नाही.