मिठावर वसलेलं शहर

डेट्रॉईट शहराच्या पोटात मीठ आहे. जमिनीखाली सुमारे 1,200 फुटांवर, कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं. 1895 मध्ये त्याचा पत्ता लागला, 1910 मध्ये खाणीची विहीर तिथवर पोचली आणि अजूनही तिथे खोदाई चालू आहे. खाली इतके बोगदे झालेत की रस्त्यांची लांबी शंभर मैल भरते. खोदायची यंत्रं विहिरीतून अख्खी उतरत नाहीत, म्हणून ती वर सुटी करायची, तुकड्यातुकड्यांनी खाली सोडायची आणि तिथे पुन्हा जोडायची. एकदा खाली गेलेलं यंत्र सहसा वर येत नाही.

हे मीठ पानात वाढायचं नाही, रस्त्यावर टाकायचं. मीठ पडलं की पाण्याचा गोठणबिंदू उतरतो आणि बर्फ डांबराला धरून बसत नाही. पण ते वितळलेलं खारं पाणी चाकांबरोबर उडतं, गाडीच्या पोटाला चिकटतं आणि पत्रा खायला लागतं. ज्या गावाने जगाला मोटारीचं वेड लावलं, त्या गावाच्याच तळाशी मोटारीचा काळ बसलाय. आणि दर डिसेंबरात आम्हीच तो वर काढून रस्त्यावर पसरतो.

मी नगरची. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण इथे कुणी विचारलं की तोंडातून अजून ‘नगर’च निघतं. नगरला गंज म्हणजे काय ते आम्हाला फारसं ठाऊक नव्हतं. पर्जन्यछायेतला मुलूख, पाऊस बेताचा, हवा कोरडी. शेताच्या बांधावर टाकलेला नांगराचा फाळ चार वर्षांनी उचलला तरी झटकून वापरता यायचा. कोकणातली मावशी यायची तेव्हा आमच्या खिडक्यांचे गज बघून हेवा करायची.

मिशिगनमध्ये गाडी वरून नवरीसारखी चकाचक असते आणि खालून चाळण झालेली असते. गंज आधी दिसतो तो चाकाच्या कमानीवर, बुडबुड्यासारखा. तो दिसला तोवर आत बरंच काही घडून गेलेलं असतं. खरी भीती ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांची. त्या पोलादी असल्या तर खारं पाणी त्यांना हळूहळू कुरतडतं आणि एक दिवस पॅडल थेट तळाला जातं. जर्मनीत दर दोन वर्षांनी गाडी तपासून घ्यावी लागते, आपल्याकडे पंधरा वर्षांनी पासिंगला उभी करावी लागते. मिशिगनमध्ये खाजगी गाडीला अशी नियमित तपासणीच नाही. मोटारींच्या राजधानीत कुणी बॉनेटखाली डोकावायचं नाही, हा कारखानदारांच्या राज्याचा उदारपणा म्हणायचा की आणखी काही, ते ज्याने त्याने ठरवावं.

त्यामुळे तपासणीचं काम लोकांवर पडलंय, आणि लोक ते आनंदाने करतात. एरवी या देशात कुणी कुणाला आगाऊ सल्ला देत नाही. तुम्ही लग्न मोडा, नोकरी सोडा, केस निळे करा, शेजारी हसून ‘छान’ म्हणेल. पण तुमच्या गाडीखाली थेंब पडलेला दिसला की तोच शेजारी दार वाजवतो.

आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत. उभा जन्म कारखान्यात डाय बनवण्यात गेला, आता निवृत्त. वाहन कामगारांची युनियन 1935 ची. तिचा फ्लिंटमधला बैठा संप 1936 च्या डिसेंबरात सुरू झाला आणि ऐन हिवाळ्यात 44 दिवस चालला. आजोबांचे वडील त्या पिढीतले. हा माणूस हिवाळ्याविषयी बोलायला लागला की कथेकऱ्यासारखा रंगतो, पण प्रत्येक वाक्याला कारण जोडतो. बॅटरीवर गारठ्यात इंजिन सुरू करायच्या ताकदीचा जो आकडा लिहिलेला असतो, तो उणे 18 अंशांवर मोजलेला असतो, म्हणून स्वस्त बॅटरी जुलैत पास होते आणि जानेवारीत नापास. तेलाच्या डब्यावरच्या 5डब्ल्यू-30 मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते तेल गारठ्यात पातळ राहतं. रेडिएटरमध्ये कूलंट आणि पाणी निम्मंनिम्मं घातलं तर ते उणे 37 पर्यंत टिकतं. ‘जास्त थंडी, म्हणून नुसतंच कूलंट ओतू,’ असं एक जण म्हणाला तेव्हा आजोबांना मनापासून हसू आलं. कूलंटमधलं ग्लायकॉल शुद्ध असलं तर उणे 13 च्या आसपासच गोठतं. पाणी घातल्यावर त्याची ताकद वाढते, हे मलाही आधी पटलं नव्हतं.

टायरचं तर वेगळंच शास्त्र. पारा सात अंशांखाली गेला की साध्या टायरचं रबर कडक होतं. बर्फ पडो न पडो, पकड जाते. म्हणून हिवाळी टायर वेगळे, तीन शिखरं आणि मधे हिमकण असं चिन्ह असलेले. पलीकडे कॅनडातल्या क्युबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च ते सक्तीचे आहेत, आमच्याकडे सक्ती नाही. घरी आमचा नेम ठरलेला: दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार, दिवाळीचा फराळ संपला की टायर.

हा टायरबदल, तेलबदल सगळा चालतो शनिवारी, आणि इथे माझं माहेराशी वाजतं. शनिशिंगणापूर आमच्याच जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात. शनिवारी लोखंड आणि तेल घरात आणायचं नाही, हे आम्ही पाळण्यातच शिकलो. इथे मी शनिवारी सकाळी पाच क्वार्ट तेल आणि लोखंडी फिल्टर दोन्ही विकत आणते. आई फोनवर म्हणते, ‘अगं, शुक्रवारी आणून ठेवत जा ना.’ शुक्रवारी ऑफिस असतं. आईने आता तोड काढलीय: तेल घरात आणायचं नाही, गॅरेजात ठेवायचं. गॅरेज म्हणजे घर नव्हे.

उन्हाळ्यात शनिवारी सकाळी एका दुकानाच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गाडीवाले जमतात. कॉफीचे पेले बॉनेटवर ठेवायचे नाहीत, दुसऱ्याच्या गाडीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, बाकी काही नियम नाही. त्यांत आपली मंडळीही असतात. नोव्हाय, कॅन्टन, ट्रॉय या उपनगरांत मराठी माणसं चिक्कार, आणि त्यातली निम्मीअधिक मोटारींच्याच धंद्यात. कुणी ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितं, कुणी सस्पेन्शनचे आकडे मांडतं. पुण्याच्या सीओईपीतून आलेले आहेत, नगरच्या व्हीआरडीईत उमेदवारी केलेले आहेत. व्हीआरडीई म्हणजे संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था. तिच्या चाचणीच्या धावपट्ट्या नगरजवळ आहेत हे तिथल्या बऱ्याच नगरकरांनाही माहीत नसतं. पण या मंडळींतल्या किती जणांनी कधी स्टेपनी स्वतः चढवली होती? जवळजवळ कुणीच नाही. संगणकावर सबंध चाक उभं करणारा माणूस जॅक कुठे लावायचा ते विचारत होता.

यात नवल नाही. आपल्याकडे गाडीशी इंजिनिअरचा संबंध कागदावर आणि मेस्त्रीचा हातावर. मी कॉलेजला लूनावर जायचे. लूना 1972 ची. कायनेटिकचा कारखाना नगरलाच, दौंड रस्त्यावर. पन्नास सीसीचं इंजिन, सुरू होईना तर पॅडल मारायचं, तरीही होईना तर प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. एवढं यायचं. त्यापुढे दिल्ली गेटजवळचे मेस्त्री. ते कान देऊन इंजिन ऐकायचे आणि कुठे बिघाड आहे ते सांगायचे, बहुधा बरोबर सांगायचे. आम्ही त्यांना ‘ए मेस्त्री’ म्हणून हाक मारायचो, त्यांच्या हाताखालचा पोरगा तर ‘छोट्या’. त्यांचं नाव काय होतं, घरात कुणालाच सांगता येत नाही. परवा वडिलांना विचारलं, तेही गप्प झाले.

इथले आजोबा तेच काम करतात, तशीच काळी नखं, तेच कान देऊन ऐकणं. फरक असा की पार्किंगात ते आले की पन्नाशीचे व्हाईस प्रेसिडेंट बाजूला सरकून जागा देतात. याला अमेरिकनांचा थोरपणा म्हणायची घाई करू नये. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मजुरी तासाला शंभर डॉलरच्या वर आहे. ज्याच्या हाताला हे काम येतं तो पैसे वाचवतो, आणि पैसे वाचवून देणाऱ्याला कुठल्याही देशात मान मिळतो. आपल्याकडे मेस्त्रीचा तास स्वस्त, म्हणून मेस्त्रीही स्वस्त. आपली मंडळी इथे आल्यावर हात काळे करायला शिकली ती श्रमप्रतिष्ठेचं व्याख्यान ऐकून नव्हे, बिल बघून. पण शिकली. आता गंज थांबवायला गाडीखाली लॅनोलिन फवारायचं असलं की तीन-चार जण मिळून रॅम्प मांडतात. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणचटपणा. धनगराची घोंगडी पावसात चटकन भिजत नाही ती त्याच्याच जोरावर. तो वास आला की मला जामखेडचा बाजार आठवतो. बाकीचे नाकाला रुमाल लावतात.

गंजाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगते. नगरच्या लष्करी हद्दीत रणगाड्यांचं संग्रहालय आहे, 1994 मध्ये उघडलेलं. त्यात रोल्स रॉइसची चिलखती गाडी आहे, आणि 1965 च्या युद्धात हाती लागलेला पॅटनही आहे. आजोबांना त्याचा फोटो दाखवला तेव्हा ते चष्मा वर करून बघत राहिले. पॅटन जातीचे कितीतरी रणगाडे मिशिगनच्याच कारखान्यांत तयार झाले होते. क्रायसलरने चालवलेला रणगाड्यांचा कारखाना वॉरनला होता, आमच्यापासून तासाभराच्या आत. इथलं लोखंड पाकिस्तानला गेलं आणि तिथून नगरला येऊन उघड्यावर उभं राहिलं. आजोबांनी पहिला प्रश्न विचारला तो युद्धाचा नव्हता. ‘पत्रा कसा आहे?’ म्हणाले. ठणठणीत आहे म्हटल्यावर त्यांना वाईट वाटल्यासारखं झालं.

हिवाळ्यात गाडी चालवायचे धडे मात्र मी इथे येताना थोडे घेऊनच आले होते, असं मी इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना सांगते आणि ते हसतात. डिसेंबरात रात्री नगरहून राहुरी, श्रीरामपूरकडे जाऊन बघा. गाळपाचा हंगाम जोरात, प्रवरेचा कारखाना 1950 चा, त्यानंतर जिल्ह्यात कारखाने उगवतच गेले. रस्त्याने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला. वडील म्हणायचे, ‘पुढे अंधार आहे म्हणजे रस्ता मोकळा आहे, असं समजायचं नाही.’ इथे काळ्या बर्फाचं तेच आहे. डांबर ओलं आणि तुकतुकीत दिसतं, तिथेच बर्फाचा पापुद्रा असतो, आणि पूल रस्त्याच्या आधी गोठतो कारण त्याला खालूनही वारा लागतो. गाडी सरकली तर नजर जायचंय तिकडे ठेवायची, खांबाकडे बघितलं की हात खांबाकडेच वळतात. एबीएस असेल तर ब्रेक दाबून धरायचा, वडिलांनी शिकवला तसा सोडत-दाबत नाही. टाकी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. बर्फात अडकलात आणि इंजिन चालू ठेवायचं असेल, तर आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ उकरायचा, नाहीतर विषारी वायू आत येतो. हे शेवटचं मी प्रत्येक नव्या मराठी कुटुंबाला सांगते, त्यांनी विचारलं नसलं तरी.

या सगळ्या जपणुकीचं चीज होतं ऑगस्टमध्ये. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, 1995 पासून. हा तोच रस्ता, जिथे 1909 मध्ये मैलभर काँक्रीट टाकलं गेलं आणि लोक ते बघायला लांबून आले. मिशिगनमध्ये जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते, तिच्यावर गाडी एरवी प्रदर्शनाला वगैरेच काढायची. फक्त ऑगस्टभर कुठेही फिरवायची मुभा. म्हणजे आपला श्रावण तसा यांचा ऑगस्ट.

गेल्या ऑगस्टमध्ये तिथे खुर्च्या टाकून बसलो असताना कुणीतरी लूनाचा विषय काढला. पंचवीस वर्षांहून जुनं वाहन अमेरिकेत आणायला इथल्या सुरक्षेच्या निकषांची अट लागत नाही, आणि मिशिगनच्या कायद्यात लूना सरळ मोपेडच्या व्याख्येत बसते. 2024 मध्ये विजेवरची ई-लूना निघाली, तिचा फोटो फिरला, पण ती नको, पॅडलवालीच हवी, यावर एकमत झालं. मग वाद सुरू झाला: हिवाळ्यात ती कुणाच्या गॅरेजात राहायची. नोव्हायवाल्यांच्या गॅरेजात लोणच्याच्या बरण्या आहेत. कॅन्टनवाल्यांची बायको म्हणाली, आधीच्या दोन गाड्या काढा, मग बघू. आजोबा शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, इंजिन टू-स्ट्रोक का? हो म्हटल्यावर म्हणाले, तेल पेट्रोलमध्ये किती टक्के मिसळता? आम्ही सहा जण, सगळे नगर-पुण्याचे, त्यातले तिघे इंजिनिअर. प्रत्येकाने वेगळा आकडा सांगितला.