गोष्टीतल्या गरिबाला आवाज कोणता?

कादंबरी डोळ्यांनी वाचताना पात्रांचे आवाज आपले आपण मनात ठरवतो. ऑडिओबुक ऐकताना ते दुसऱ्याने ठरवून दिलेले असतात. राजा कसा बोलणार, राजाचा घोडेवाला कसा बोलणार, राक्षस कोणत्या मुलखातला वाटणार, हे सर्व वाचून दाखवणाऱ्या निवेदकाच्या हाती. त्यातून इंग्रजीतल्या अद्भुत कादंबऱ्यांच्या मालिका म्हणजे सात-सात, चौदा-चौदा भागांच्या. एकाच माणसाचा आवाज महिनोन्महिने कानात राहतो. तेव्हा तो आवाज गोष्ट किती रंगवतो एवढेच पाहून भागत नाही. तो कोणाला मोठा करतो आणि कोणाला लहान करतो, हेही ऐकणाऱ्याने पाहिले पाहिजे, असे आमचे मत झाले आहे.

आम्ही कारकून माणूस. बी.कॉम. झालो तरी शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे इंग्रजी कागदावर समजायचे, कानाला समजायचे नाही. बदलापूरहून मुंबईला सव्वा तास जाणे, सव्वा तास येणे. गाडीत पुस्तक उघडायला हात मोकळा नसतो, कान मात्र मोकळे असतात. इंग्रजी सुधारावे म्हणून ऐकायला लागलो आणि गोष्टीत अडकलो. सुरुवातीला वेग कमी करून ऐकत असू. आता तशी गरज पडत नाही.

आमचे एक कार्यकर्ते मित्र चेष्टेने म्हणतात, ‘‘अहो, वस्तीत बुवाबाजीविरुद्ध व्याख्याने देता आणि कानात जादूगार घालून फिरता, हे कसे?’’ आम्ही त्यांना सांगतो, की गोष्टीतला जादूगार तुमच्याकडे नारळ मागत नाही, पैसे मागत नाही आणि पोरीला दवाखान्यात नेऊ नका असेही सांगत नाही. गोष्ट ही गोष्टच आहे हे तो पहिल्या पानापासून कबूल करतो.

वाचून दाखवण्याच्या कामाबद्दल चार शब्द बोलण्याचा थोडा अधिकार आम्हाला आहे. वर्षावासात आमच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. तीन महिने, रोज रात्री. त्यातले बरेच दिवस वाचण्याची पाळी आमच्यावर येते. दम कुठे घ्यावा, कोणत्या शब्दावर थांबावे, मागच्या रांगेतली म्हातारी माणसे पेंगू लागली की आवाज चढवावा की उतरवावा, हे तिथे कळते. आमचा अनुभव असा, की आवाज चढवल्याने जाग येते, पण आवाज उतरवल्याने लक्ष येते.

या कसोटीवर पाहिले तर नावाजलेले निवेदकही सगळे सारखे उतरत नाहीत. ‘हॅरी पॉटर’चे सातही भाग दोघांनी स्वतंत्रपणे वाचले आहेत. ब्रिटिश आवृत्ती स्टीफन फ्राय यांची, अमेरिकन आवृत्ती जिम डेल यांची. डेल हेही मूळचे इंग्लंडचेच. पाचव्या भागासाठी त्यांनी 134 पात्रांना वेगवेगळे आवाज दिले आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. पुढे रॉय डॉट्रिस यांनी जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये 224 पात्रांना आवाज देऊन तो आकडाही मागे टाकला. आकडा मोठा, यात शंका नाही. पण डेल यांची हर्मायनी ‘हॅरी’ हे नाव एवढे लांबवते, की हुशार मुलगी म्हणजे रडकी मुलगी असे वाटायला लागते. फ्राय कमी आवाज काढतात आणि गोष्ट जास्त सांगतात. आम्हाला फ्राय आवडतात. डॉट्रिस यांच्या पाचव्या भागात ओळखीच्या पात्रांचे आवाजच बदलले आहेत, काही नावांचे उच्चारही बदलले आहेत. जुना शेजारी एके दिवशी परक्यासारखा बोलू लागावा, तसे होते. मात्र हे गृहस्थ 1923 सालचे. 2011 मध्ये ऐंशी ओलांडलेल्या माणसाने एवढे दांडगे पुस्तक वाचून पुरे केले, हे लक्षात घेऊन आम्ही फार बोलत नाही.

‘व्हील ऑफ टाइम’ ही रॉबर्ट जॉर्डन यांची चौदा भागांची मालिका केट रीडिंग आणि मायकल क्रेमर या पतिपत्नींनी वाचली आहे. ज्या प्रकरणात गोष्ट बाईच्या नजरेने चालते ते केट वाचतात, पुरुषाच्या नजरेचे मायकल वाचतात. युक्ती चांगली आहे. बाईचे पात्र आले की पुरुषाने आवाज बारीक करून तिचे हसे करायचे, हा प्रकार त्यामुळे पुष्कळ कमी होतो. पण मालिका फार लांबली आहे हे आम्ही स्पष्ट सांगतो. एकेक भाग तीस-तीस तासांचा आणि मधल्या काही भागांत लोक नुसते प्रवास करतात. तेवढा प्रवास आमचा रोजचाच आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले त्याकडे येतो. 2020 च्या टाळेबंदीत ‘हॅरी पॉटर’चा पहिला भाग काही काळ फुकट ऐकायला मिळत होता, स्टीफन फ्राय यांच्याच आवाजात. आमची मुलगी तेव्हा आठवीत. जालना जिल्ह्यातल्या गावाहून आमची आई आमच्याकडे आलेली आणि गाड्या बंद म्हणून इथेच राहिलेली. एका खोलीत आम्ही सगळे, मध्ये मोबाइल ठेवलेला. त्या गोष्टीत हॅग्रिड नावाचा एक धिप्पाड रखवालदार आहे. मनाने सोने. लेखिकेने त्याची बोली खेडवळ लिहिली आहे आणि फ्राय तो इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यासारखा बोलवतात. ऐकता ऐकता मुलगी एकदम म्हणाली, ‘‘पप्पा, आजी अगदी हॅग्रिडसारखी बोलते ना?’’

आम्ही विचारले, ‘‘मग डम्बलडोर कोणासारखा बोलतो?’’

‘‘तो आमच्या बाईंसारखा. शुद्ध.’’

मुलगी प्रेमानेच बोलली होती. हॅग्रिड तिचा लाडका. आजीला इंग्रजी गोष्ट समजत नव्हती, पण हे मराठी समजले. दुसऱ्या दिवशी मुलीचा ऑनलाइन वर्ग सुरू झाला तशी आई एकदम गप्प झाली. चहा हवा का विचारले तर मानेनेच नाही म्हणाली. वर्ग संपल्यावर म्हणाली, ‘‘पोरीच्या बाईला ऐकू गेलं असतं ना माझं बोलनं.’’ मग रोज तसेच चालले. वर्ग चालू आहे तोवर घरात आईचा आवाज नाही.

पाणी आणि पानी हा काय प्रकार आहे, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी आम्हाला वर्गासमोर उभे करून ‘पाणी’ हा शब्द दहा वेळा म्हणायला लावला होता आणि पोरे हसली होती. तहान लागली की दोन्ही शब्दांनी सारखेच पाणी मिळते, हे तेव्हा सुचले नाही. नंतर ‘ण’ आमच्या जिभेवर बसला तो बसलाच. आईच्या जिभेवर बसवायला तिला कोणी शाळेत घातलेच नव्हते.

इंग्रजांच्या घरातही ही उतरंड आहे, हे आम्हाला ऑडिओबुकांनी शिकवले. तिथे एक दरबारी इंग्रजी, बीबीसीवर बातम्या सांगणारे. त्याखाली लंडनच्या कामगार वस्तीचे, उत्तरेकडच्या गिरण्या-खाणींचे, पश्चिमेकडच्या शेतांचे. 1941 मध्ये विल्फ्रेड पिकल्स नावाच्या यॉर्कशायरच्या माणसाने आपल्या गावच्या उच्चारांत बीबीसीवर राष्ट्रीय बातम्या वाचल्या, तर ऐकणाऱ्यांकडून तक्रारी आल्या! युद्ध चालू, डोक्यावर बॉम्बचे भय, आणि तक्रार उच्चारांची.

अद्भुत कादंबऱ्यांत हीच उतरंड जशीच्या तशी उतरली आहे. टॉल्किन हे भाषेचे प्राध्यापक. त्यांच्या ‘द हॉबिट’मधले माणसे खाणारे तीन राक्षस बोलतात ते लंडनच्या गरीब वस्तीतले इंग्रजी. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला माळी सॅम बोलतो खेड्यातले. थोर कुळांतले एल्फ आणि राजे मात्र दरबारी. रॉब इंग्लिस यांनी 1990 च्या सुमारास ही पुस्तके संपूर्ण वाचली, त्यातली गाणीसुद्धा म्हटली. अलीकडे सिनेमात गॉलम झालेले अँडी सर्किस यांनी वाचली. सर्किस यांचे वाचन म्हणजे एकट्याने केलेले नाटक, त्यात तोड नाही. पण उतरंड दोघांनीही ठेवली, कारण ती छापील पानातच आहे. एक गोष्ट मात्र टॉल्किन यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. शेवटी तो माळीच गावाचा महापौर होतो, लोक त्याला पुन्हा पुन्हा निवडून देतात, आणि त्यासाठी त्याला बोली बदलावी लागत नाही.

या बाबतीत आमचे मत ज्यांच्या बाजूने आहे ते निवेदक म्हणजे स्टीव्हन पेसी. जो अॅबरक्रॉम्बी यांची ‘द फर्स्ट लॉ’ ही मालिका त्यांनी वाचली आहे. तिच्यात लोगन नावाचा एक लढवय्या आहे. पेसी त्याला उत्तर इंग्लंडच्या कामगारासारखा बोलवतात. आणि साऱ्या गोष्टीत थांबून विचार करणारा, आपण माणसे का मारतो असे स्वतःला विचारणारा माणूस हाच. गावंढळ बोली म्हणजे मंद डोके, हे समीकरण पेसी यांच्या गळ्यात मोडते. हा लोगन आम्हाला आधी भेटला असता तर मुलीला तोच ऐकवला असता, असे मनात येते. पण पुस्तकात रक्तपात आणि शिवीगाळ फार. लहान मुलांच्या हाती देऊ नये.

मुलांसाठी, आणि ज्यांना दर महिन्याचे शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी, लिब्रिव्हॉक्स आहे. 2005 साली सुरू झालेल्या या उपक्रमात हक्क संपलेली जुनी पुस्तके स्वयंसेवक वाचतात आणि ती फुकट मिळतात. वाचणाऱ्यांच्या उच्चारांवर तिथे बंदी नाही. कोणी टेक्सासचा, कोणी जर्मन, कोणी भारतीय. एकाच पुस्तकात प्रकरण बदलले की आवाज बदलतो. काहींचे ध्वनिमुद्रण खराब आहे, मागे कुत्रे भुंकल्यासारखे होते, हे धरून चालावे. एल. फ्रँक बॉम यांची ‘ऑझ’ची चौदा पुस्तके त्यांत आहेत, पहिले 1900 सालचे. मुलीला आम्ही ते लावून दिले आणि सांगितले, की आजीला रोज एक प्रकरण मराठीत सांगायचे. त्यात एक लाकूडतोड्या आहे. मंतरलेल्या कुऱ्हाडीने त्याचा एकेक अवयव तुटतो आणि प्रत्येकाच्या जागी पत्र्याचा बसवला जातो, शेवटी सगळाच माणूस पत्र्याचा होतो. हे ऐकून आई म्हणाली, ‘‘आमच्या गावात कडबाकुट्टीत एकाचा हात गेला. त्याला कोन्ही पत्र्याचा दिला न्हाई.’’ मुलगी पुढे सांगायचे विसरून त्या माणसाबद्दलच विचारत बसली. त्याचे नाव काय, मग तो जेवायचा कसा, त्याच्या घरचे कसे जगले. त्या दिवशी आई अर्धा तास बोलली. काही दिवसांनी गोष्ट सांगता सांगता मुलगीच ‘कामून’ म्हणू लागली.

मुलगी आता कॉलेजात आहे. तिनेच आम्हाला एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची ‘ब्रोकन अर्थ’ ही तीन भागांची मालिका ऐकायला लावली. तिच्या तिन्ही भागांना 2016, 2017 आणि 2018 अशी सलग तीन वर्षे ह्यूगो पुरस्कार मिळाला. रॉबिन माइल्स या कृष्णवर्णीय निवेदिकेने ती वाचली आहे. हिच्यासाठी वाचकांनी जरूर वेळ काढावा.

त्या जगात भूकंप रोजचेच. समाजाने माणसांची कामांप्रमाणे विभागणी केलेली, आणि लेखिकेने तिला इंग्रजीत ‘कास्ट’ हाच शब्द वापरला आहे. माणसाच्या नावापुढे त्याची जात, जातीपुढे त्याचे गाव. पूर्ण नाव घेतले की सर्व पत्ता लागतो. भाड्याने खोली बघायला गेल्यावर ‘पूर्ण नाव काय?’ असे ज्यांना विचारले गेले आहे, त्यांना हे चटकन कळेल. भूकंप शमवण्याची उपजत शक्ती असलेले काही लोक या सगळ्यांच्याही खाली. त्यांच्यावाचून जग वाचत नाही आणि त्यांचा विटाळ मात्र सर्वांना. एक बाई आपली ओळख लपवून गावात शाळामास्तरीण म्हणून राहते. तिच्या लहानग्या मुलात ती शक्ती आहे हे बापाला कळते आणि बापच त्याला मारून टाकतो. पुस्तकाची सुरुवात ही.

रॉबिन माइल्स हा प्रसंग ओरडून वाचत नाहीत. आवाज खाली घेतात, इतका, की आम्ही कल्याणच्या गर्दीत कानावर हात दाबून धरला. त्या बाईची प्रकरणे लेखिकेने ‘तू’ म्हणून लिहिली आहेत. तू उठलीस, तू चाललीस. कागदावर हे विचित्र वाटले असते. माइल्स यांच्या तोंडून ते शेजारची वडीलधारी बाई दुःखाच्या घरात येऊन बसल्यासारखे वाटते. त्या लोकांसाठी समाजाने केलेली एक शिवी आहे. एक पात्र ती टाळून सभ्य शब्द वापरते. दुसरे, त्यांच्यातलेच, मुद्दाम ती शिवीच वापरते, कारण सभ्य शब्दाने गुलामी झाकली जाते असे त्याचे म्हणणे. ‘हरिजन’ या गोड शब्दाचे काय करायचे, हा वाद आपल्याही माणसांनी घातलेला आहे. माइल्स तो शब्द कोणाच्या तोंडी आहे ते पाहून उच्चारतात. वरच्याच्या तोंडी तो थुंकल्यासारखा येतो, त्याच माणसांपैकी एकाच्या तोंडी जड, दगड उचलून ठेवावा तसा. अक्षरे तीच. 224 आवाज काढण्यापेक्षा हे काम अवघड आहे, असे आम्हाला वाटते.

तिसऱ्या भागाचे आमचे चार तास उरले आहेत, म्हणजे येण्याजाण्याचे दोन दिवस. मुलीचा भाग कधीच संपला. रात्री जेवताना आम्ही शेवट विचारतो, तर ती आजीकडे बघून हसते. आजीला तिने तो सांगून टाकलेला आहे, आणि आजीही बोलायला तयार नाही.