पाण्याशी भांडू नका

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो, आणि ‘मी गंगेवर पोहायला शिकलो’ हे इथे छाती फुगवून सांगितलं जातं. अशी मुलं दरवर्षी माझ्याकडे तलावावर येतात. भरपूर दम, खांद्यात ताकद, पाण्याची भीती अजिबात नाही. पण स्टॉपवॉच लावलं की एखादी काडीसारखी मुलगी त्यांना सहज मागे टाकते. मग प्रश्न येतो, “सर, हात अजून जोरात मारू का?” माझं उत्तर ठरलेलं: “नको. आधी डोकं खाली घाल.”

वाहत्या पाण्यात डोकं वर हवंच. ओंडका येतोय का, काठ किती लांब, हे दिसायला लागतं. तलावात मात्र तीच सवय महाग पडते. डोकं उचललं की कंबर नि पाय बुडतात आणि अंग तिरक्या फळीसारखं पाणी ढकलत राहतं. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट. ते ही चूक माफ करत नाही.

त्यात हिशेबही मोठा कडक. वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. वेग नुसता 10 टक्के वाढवायचा तरी शक्ती सुमारे 33 टक्के जास्त लागते. एवढा दम आणायचा कुठून? त्यापेक्षा विरोध कमी करणं स्वस्त.

हा विरोध तीन वाटांनी येतो. पहिली वाट शरीराच्या आकाराची, म्हणजे समोरून किती अंग पाण्याला अडतं त्याची. दुसरी लाटांची: पृष्ठभागावर आपण ज्या लाटा उठवतो, त्यांत आपलीच शक्ती खर्च होते. तिसरी त्वचेच्या नि कपड्याच्या घर्षणाची. ढगळ बर्म्युडा घालून पोहणारे तिन्ही वाटा उघड्या ठेवतात!

पाण्याखाली पुरेशा खोलीवर लाटा उठत नाहीत, म्हणून तिथे वेग टिकतो. 1988च्या सोल ऑलिंपिकमध्ये जपानच्या दाइची सुझुकीने बॅकस्ट्रोकमध्ये बराच वेळ पाण्याखालून किक मारत सुवर्ण जिंकलं. त्यानंतर या अंतरावर बंधन आलं. आज ते 15 मीटर आहे. पोशाखाची गोष्टही तशीच. 2009च्या रोम जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेनच्या पोशाखांच्या जोरावर 43 विश्वविक्रम झाले आणि 2010पासून त्या पोशाखांवर बंदी आली.

अंग साधण्यावर मात्र कुणी बंदी घालू शकत नाही. त्याच 2010 साली आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचं कांस्य मिळवलं. इतक्या छोट्या शर्यतीत सूर मारल्यावर अंग किती सरळ राहतं, यावरच बरंच काही ठरतं.

पुढच्या वेळी तलावावर जाल तेव्हा एक करून बघा. भिंतीला पाय रेटून निघा. एकदा हात पसरून, एकदा हातावर हात ठेवून, दंड कानांना चिकटवून, नजर तळाकडे. हातपाय न मारता दोन्ही वेळा कुठपर्यंत गेलात, ते तळाच्या फरश्यांवर मोजा. तो फरक हाच तुमचा आजवर वाया गेलेला दम.