वाळू पाखडणारी मुरी

दिवाळीनंतर मार्गासनी गावापाशी गुंजवणी नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहावं आणि पाय अजिबात हलवू नयेत. उठलेला गाळ हळूहळू खाली बसतो. मग तळाची वाळू एके ठिकाणी किंचित थरथरते आणि तिथं दोन डोळे उघडे पडतात. मुरी! बोटाएवढी मासोळी, अंगावर वाळूचेच ठिपके, ओठांभोवती मिशा. मिशांनी चाचपत ती पुढं सरकते, तोंडभर वाळू घेते, त्यातले किडे-अळ्या पोटात घालते आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून भुरभुर सोडून देते. आमची आत्या ओटीवर आंबेमोहोर पाखडायची, त्याची हटकून आठवण होते.

काठाच्या मऊ गाळात आणखी बारीक वस्ती. दोऱ्याएवढे तांबडे किडे डोकं खाली खुपसून, शेपटं पाण्यात डुलवत असतात. खालचा गाळ खायचा आणि वर आणून टाकायचा, एवढाच त्यांचा उद्योग. पण त्यांच्या बिळांतून पाणी आत शिरतं, पाण्याबरोबर प्राणवायू शिरतो आणि वरचा गाळ काळा पडत नाही. बांधाच्या अलीकडं भातखाचरात गांडूळ हेच करतं. खाऱ्या पाण्याच्या काचपेट्या हौसेनं सांभाळणारे लोक असे किडे आणि वाळू चाळणारे गोबी मासे पैसे मोजून आणतात. भोर-वेल्ह्याच्या ओढ्यांना तसे जीव आयते मिळालेत.

लेफ्टनंट कर्नल साइक्स यांनी 1839 साली दख्खनचे मासे नोंदवले, तेव्हा इथल्या माणसांच्या तोंडचे शब्दच शास्त्रीय नावांत घातले. एका मुरीला ‘मूरे’, वाळूवर दबा धरणाऱ्या खरपा माशाला ‘कुर्पा’. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं. त्या मुरीचं ‘मूरे’ मात्र जगभरच्या प्राणिशास्त्रात अजून तसंच आहे. मला याचा फार अभिमान वाटतो.

भाटघर धरणाच्या भिंतीमागं वेळवंडी नदी थांबली, तिथं वाळूवर गाळ चढला. वाहत्या पाण्यातल्या माशांना ती जागा परकी झाली. धरणाचं पाणी शेतांना हवं, ते मान्य. पण उरलेल्या वाहत्या पट्ट्यांतली वाळू रातोरात ट्रॅक्टर भरून जाते, तेव्हा नुसती रेती जात नाही; मुरीचं घर, तिचं सूप आणि सुपातला दाणाही जातो. मागं उघडा कातळ राहतो. त्यावर पाय कितीही स्थिर ठेवला, तरी डोळे काही दिसत नाहीत.

घर बांधायला काढाल, तेव्हा वाळू कुठल्या नदीची आहे, एवढं एकदा विचारा.