एक वायसर

माझ्या मोठ्या मामांच्या उजव्या मनगटावर जुने ओरखडे आहेत. लहानपणी आम्हा भाचरांना वाटायचं, मामांकडे मांजर असणार. ते ओरखडे विमानाच्या इंजिनाचे आहेत हे कळायला मला इंजिनियरिंगचं तिसरं वर्ष उजाडावं लागलं.

मामा मध्य प्रदेशातल्या एका फ्लाइंग क्लबात देखभालीचे इंजिनियर होते. मी मेकॅनिकलला होतो. (पुढे सॉफ्टवेअरमध्ये आलो, ती कथा आमच्या निम्म्या वर्गाची आहे.) उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरहून त्यांच्याकडे गेलो आणि क्लबाच्या परवानगीने महिनाभर हँगरमध्ये त्यांच्या हाताखाली राबलो.

विमान सेसना 172, चार सीटचं. नाकावरचं झाकण, म्हणजे काउलिंग, काढलं की चार सिलिंडरचं लायकमिंग इंजिन दिसतं. पहिल्यांदा वाटतं, एवढंच? रेडिएटर नाही, पाणी नाही, सगळं हवेवर थंड होणारं. खरी गंमत पाठीमागे आहे. इंजिनाची पाठ आणि फायरवॉलचा पत्रा यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत दोन मॅग्नेटो, ऑइल फिल्टर, नळ्या, केबली आणि इंजिन पेलणाऱ्या दांड्या असा सगळा संसार कोंबलेला असतो. मॅग्नेटो स्पार्क प्लगला ठिणगी पुरवतो. बॅटरी मेली तरी तो चालतो, आणि एक बंद पडला तर दुसरा असतो. साधारण दर 500 तासांनी तो काढून तपासायचा.

मॅग्नेटो दोन नटांवर बसतो. बाहेरचा नट कोणीही लावेल. आतल्या नटाशी हात पोचला की काही दिसत नाही, आणि बघायचं तर हात बाहेर काढावा लागतो. मामा तो डोळे मिटून लावायचे, अगदी खरोखर मिटून. त्यांच्या पेटीत अर्ध्या इंचाचा एक पाना होता, तापवून वाकवलेला आणि निम्मा कापलेला. दुसऱ्या कुठल्याही कामाला तो निरुपयोगी. शिवाय दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा आरसा आणि लांब दांडीचं लोहचुंबक. वायसर ग्रीसने बोटाला चिकटवायचा आणि खाली फडकं कोंबायचं, हा नियम. टॉर्क रेंचच्या पुढे सरळ रेषेत जोड लावला तर लांबी वाढते आणि नट ठरल्यापेक्षा जास्त आवळला जातो, म्हणून आकडा हिशेबाने कमी करायचा. जोड काटकोनात लावला तर तोच आकडा चालतो. मोमेंटच्या धड्यावर मी चांगले मार्क मिळवले होते, पण त्याचा उपयोग तिथे पहिल्यांदा दिसला.

एके दुपारी मामा म्हणाले, "आतला नट आज तू लाव."

मी फडकं ठेवायचा कंटाळा केला. वायसर बोटावरून निसटला. टिंग असा एक आवाज आला, मग आणखी एक, आणि मग काहीच नाही. फरशीवर पडल्याचा आवाज आलाच नाही.

मामा दुसऱ्या विमानापाशी होते. डब्यात तसलेच वायसर होते. मी दुसरा घेतला, बसवला, नटही लावला. कोणी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ते विमान घेऊन जाणारा शिकाऊ पायलट बाहेर खुर्चीवर वही घेऊन बसला होता, माझ्याच वयाचा. मला पाहून तो उठला आणि माझ्यासाठीही चहा घेऊन आला. तो चहा मला संपवता आला नाही. मी मामांकडे गेलो.

"कधी पडला?"

"अर्धा तास झाला असेल."

वायसर पडला म्हटल्यावर ते शांत होते. अर्धा तास ऐकल्यावर मात्र त्यांनी हातातलं सामान खाली ठेवलं. "मग अर्धा तास काय करत होतास?"

मी काही बोललो नाही. आज माझ्या धंद्यात काही बिघडलं तर बहुतेक वेळा जुनी आवृत्ती परत चढवता येते. तिथे इंजिनाच्या थरथरीने सुटा वायसर सरकत सरकत थ्रॉटलच्या सांध्यात जाऊन बसला असता, तर मागे घ्यायला काही नव्हतं.

ऑफिसातून दोनदा निरोप आला, विमान कधी मिळणार. "सापडेपर्यंत माझी सही होणार नाही," एवढंच मामांनी कळवलं. आरसा झाला, बॅटरी झाली, चुंबक झालं. दोन तास गेले. शेवटी मामा म्हणाले, "माझा हात आता जात नाही तिथे. तुझा बारीक आहे, घाल."

माउंटच्या दांडीला एक नळी पट्ट्याने बांधली होती. त्या दोन्हींच्या बेचक्यात बोटांना काहीतरी गोल लागलं. हात बाहेर काढताना पत्र्याची कड मनगटावरून गेली.

मग त्यांनी मी लावलेले नट माझ्याकडूनच सोडवले, पुन्हा लावून घेतले, टायमिंग नव्याने जुळवलं. तोवर अंधार पडला होता. तो मुलगा केव्हाच सायकलवरून घरी गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उडाला.

त्या रात्री जेवताना मामींनी माझा हात धरला. "अगबाई, हे काय झालं?"

मामांनी ताटातून मान वर केली नाही. "मांजर," म्हणाले.